घरातली जुनी सेडान कुरकुर करतेय? आधी काय बघायचं, काय बदलायचं आणि काय अजिबात टाळायचं

मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा घाटातून गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. कडेला बोनेट उघडून उभी असलेली गाडी, शेजारी पाण्याची बाटली हातात घेतलेले बाबा आणि झाडाच्या सावलीत थांबलेली बाकीची मंडळी. गाडी बहुतेक वेळा बारा-पंधरा वर्षांची असते. डिझायर, सिटी, ॲक्सेंट, लोगान, कधी जिवापाड जपलेली एस्टीम.

घरातली ही पहिली 'डिकीवाली' गाडी विकायला काढली तर हातात फारसं काही येत नाही आणि नवी घ्यायची तर सात वर्षांचे हप्ते. त्यामुळे ती ठेवायची, हे अनेक घरांत ठरलेलं असतं. पुढे मात्र दोनच पद्धती दिसतात. एक तर 'चालतेय ना, मग कशाला हात लावायचा?' किंवा 'गॅरेजवाला सांगेल ते बदलून टाका'. पहिल्या पद्धतीत गाडी घाटात बंद पडते आणि दुसऱ्या पद्धतीत खिसा रिकामा होतो.

जुन्या गाडीचे बरेचसे आजार लक्षणांवरून ओळखता येतात. दुरुस्ती मेकॅनिकलाच करू द्या, पण त्याला नेमकं काय सांगायचं हे माहीत असलं तर निम्मं काम होतं.

तापमानाचा काटा वर का जातो?

जुन्या गाडीला सगळ्यात महागात पडणारा आजार म्हणजे इंजिन तापणं. इंजिनाभोवती कूलंट फिरतं, उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं आणि परत जातं. ही साखळी कुठे तुटली, हे गाडी कधी तापते यावरून बऱ्यापैकी कळतं.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो, असं होत असेल तर संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्या. वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम फॅनचं असतं. फॅनची मोटर, रिले किंवा फ्यूज यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. घरच्या घरी एक तपासणी करता येते. इंजिन सुरू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांमध्ये एसी लावला की फॅन फिरू लागतो. तो गप्प राहिला तर कारण सापडलं म्हणायचं.

उलट शहरात सगळं ठीक आणि घाट चढताना किंवा हायवेवर काटा वर, असं असेल तर फॅनचा दोष नसतो. तिथे रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असू शकतो, वॉटर पंप कमजोर झालेला असू शकतो किंवा मुळात कूलंटच कमी असतं.

कूलंट कमी का होतं? इथे आपल्याकडची एक जुनी सवय नडते. 'पाणी टाक की' ही ती सवय. रस्त्यात अडकल्यावर पिण्याचं पाणी घालून गॅरेजपर्यंत जाणं ठीक आहे. पण तेच पाणी वर्षभर ठेवलं, त्यातही ते बोअरचं जड पाणी असलं, की रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये क्षार साठतात. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनं असतात, ती साध्या पाण्यात नसतात. त्यामुळे आतून गंज धरतो आणि तो गंज पुढे पंपाचं सील खातो.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. ते नुसतं बूच नसतं. ते सिस्टिममध्ये साधारण १ बारचा जादा दाब धरून ठेवतं आणि या दाबामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. काहीशे रुपयांचं हे झाकण आधी बदलून बघावं आणि मगच रेडिएटर बदलायचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तापलीच तर?

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर जोरात लावा. उन्हाळ्यात ही शिक्षा वाटेल, पण हीटर इंजिनातलीच उष्णता बाहेर काढतो, त्यामुळे सुरक्षित जागी पोहोचेपर्यंतचा वेळ मिळतो. मग गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. 'पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ' म्हणून रेटू नका.

झाकण लगेच उघडू नका. आतलं द्रव दाबाखाली असतं. झाकण फिरवताच दाब सुटतो, कूलंट क्षणात उकळून कारंज्यासारखं उडतं आणि चेहरा, हात भाजतात. किमान अर्धा तास थांबा. वरचा होज पाइप हाताला कोमट लागला की जाड फडकं धरून झाकण सावकाश फिरवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

एवढं सगळं का? कारण तापलेलं इंजिन तसंच पळवलं तर ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकतं आणि हेड गॅस्केट उडतं. मग हेड उतरवणं, लेथवर सपाट करणं, नवं गॅस्केट, नवे बोल्ट असं सगळं आलं. काहीशे रुपयांचं काम हजारोंमध्ये जातं, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत हाच खर्च बघून अनेक जण ती भंगारात काढायचा निर्णय घेतात.

गॅस्केट उडाल्याची लक्षणं: बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत राहणं, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, कूलंटच्या टाकीत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर दिसला म्हणून घाबरू नका. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर वाफेमुळेही तसं होतं. डिपस्टिक खरं सांगते.

टायमिंग बेल्ट की चेन?

तुमच्या गाडीत यातलं काय आहे हे माहीत नसेल तर आजच शोधून काढा. मारुती एस्टीम, पेट्रोलवरची ह्युंदाई ॲक्सेंट, लोगान आणि व्हेरिटोचं दीड लिटरचं डिझेल इंजिन यांत रबरी टायमिंग बेल्ट असतो. डिझायरचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन, २००३ नंतरची होंडा सिटी यांत चेन असते.

बेल्ट इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल सांभाळतो. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांमध्ये पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि काम संपलं. बेल्ट तुटण्याआधी आवाज करेलच असं नाही. त्यामुळे तो 'खराब झाल्यावर' बदलायची वस्तू नाही, मुदत संपली की बदलायची वस्तू आहे. कंपनीनुसार ही मुदत साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर असते, पण सोबत वर्षांचीही अट असते. इथेच घरच्या गाड्या फसतात. निवृत्त माणसाची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरते, मीटर ४० हजार दाखवतं आणि बेल्ट मात्र बारा वर्षांचा झालेला असतो. रबर उभ्या उभ्याही कुजतं.

सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. बदलताना टेन्शनर आणि, बेल्टवर चालत असेल तर, वॉटर पंपही सोबतच बदलून घ्या. मजुरीचा मोठा भाग सगळं उघडण्यातच जातो.

चेनवाल्यांनी निर्धास्त राहू नये. चेनचा टेन्शनर बहुधा इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललं नाही, पातळी खाली गेली, तर चेन सैल पडते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर तो हाच इशारा असू शकतो. म्हणून जुन्या गाडीची डिपस्टिक महिन्यातून दोनदा तरी बघा. म्हातारं इंजिन थोडं ऑइल 'पितं', हे गृहीत धरायचं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर जरा जास्तच पितंय.

सकाळी गाडी सुरूच होत नाही

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं ते लक्षात ठेवा. 'टक-टक-टक' असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे. एकच ठोस 'टक' आणि मग शांतता, दिवे मात्र लख्ख, असं असेल तर सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर बघायला हवी. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल पोहोचत नाही किंवा स्पार्क मिळत नाही.

इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारा साधा मल्टिमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. त्याहून बरंच कमी येत असेल तर बिघाड डायनॅमोत म्हणजे अल्टरनेटरमध्ये आहे, आणि तुम्ही नवी बॅटरी टाकली तरी ती आठवड्याभरात झोपेल. नवी बॅटरी घेऊनही 'प्रॉब्लेम तोच' असं म्हणणाऱ्यांची गोष्ट बहुतेकदा ही असते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर इंजिन बंद करून, आधी निगेटिव्ह वायर काढून, गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थिंगची वायरही बघून घ्या. ती गंजली की कधी हॉर्न बारीक होतो, कधी काटे नाचतात आणि मेकॅनिक भलतीकडेच शोधत बसतो.

इंजिनाचा पिवळा दिवा, म्हणजे चेक इंजिन लाइट, स्थिर असेल तर सवडीने पण नक्की दाखवा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय, पाय हलका ठेवून जवळच्या गॅरेजात जा. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं आणि तो भाग फार महाग आहे. भारतात १ एप्रिल २०१३ पासून कारना ओबीडी-२ ही स्वतःतले दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. तुमच्या गाडीत ती असेल तर ऑनलाइन स्वस्तात मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलवर कोड दाखवतो. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो लगेच बदलू नका. पी-०१७१ हा कोड मिश्रणात इंधन कमी पडतंय एवढंच सांगतो. कारण अनेकदा फुटलेला व्हॅक्यूम पाइप असतो.

कुठून येतो हा आवाज?

लहान लहान खड्ड्यांवर पुढून खडखड आली तर बहुतेकदा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेले असतात. हे तुलनेने स्वस्त काम आहे. थेट 'चारही शॉकअप बदला' असं कुणी म्हटलं तर आधी बुश दाखवायला सांगा. स्टिअरिंग पूर्ण वळवून यू-टर्न घेताना 'कट-कट-कट' ऐकू आलं तर एक्सलचा सीव्ही जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटल्याचं वेळीच दिसलं तर फक्त बूट आणि ग्रीसवर भागतं. वेगाबरोबर वाढणारा, विमानासारखा घूं-घूं आवाज आणि गाडी थोडी डावी-उजवीकडे झुकली की तो बदलतो, हे व्हील बेअरिंग.

८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग करा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्क बघा. दोन्हींची गल्लत केली की अलाइनमेंट करून करून माणूस थकतो.

ब्रेक ऑइल: न दिसणारा धोका

ब्रेकचे पॅड झिजले की आवाज येतो, म्हणून ते बदलले जातात. ब्रेक ऑइल आवाज करत नाही, म्हणून ते दहा-दहा वर्षं तसंच राहतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते.

आंबेनळी किंवा वरंध घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर डिस्क प्रचंड तापतात. जुनं, पाणी धरलेलं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. परिणामी पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी हे ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. एसटीचे जुने चालक हेच करत आले आहेत.

टायरचंही असंच. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला असं नसतं. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी टायर काढा. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कारला १२० ची वेगमर्यादा आहे. कडक झालेल्या, हवा कमी असलेल्या टायरने उन्हाळी दुपारी तासन् तास त्या वेगाने जाणं हा निव्वळ जुगार आहे. स्टेपनीची तारीखही बघा, ती बहुधा गाडीइतकीच जुनी निघते.

जुन्या एअरबॅगचं काय?

हा भाग होंडा सिटी, सिव्हिक, अकॉर्ड किंवा टोयोटा कोरोला आल्टिस असलेल्यांनी वगळू नये. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅग जगभरातल्या कोट्यवधी गाड्यांमध्ये होत्या. त्या फुगवण्यासाठी वापरलेलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणात राहिलं की बिघडतं. मग अपघाताच्या वेळी एअरबॅग नुसती उघडत नाही, तिचं धातूचं कवच फुटतं आणि तुकडे चालकाच्या दिशेने उडतात. यात जगभरात अनेकांचे जीव गेले आहेत. टाकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

भारतातही या गाड्या अनेक टप्प्यांत परत बोलावल्या गेल्या. पण तोवर कित्येक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या होत्या आणि कंपनीचं पत्र जुन्या पत्त्यावर. मुंबई, कोकण, गोवा इथली हवा म्हणजे उष्णता आणि दमटपणा दोन्ही. त्यामुळे आरसीवरचा किंवा चासीवरचा १७ अक्षरी-आकडी व्हीआयएन घ्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. बदल बाकी असेल तर तो मोफत होतो. गाडी कितव्या मालकाकडे आहे याने फरक पडत नाही.

ई-२० पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का?

गाडी चालते. प्रश्न ॲव्हरेजचा आणि रबरी भागांचा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं म्हटलं होतं.

त्यामुळे पेट्रोलचे पाइप दर सर्व्हिसिंगला हाताने दाबून बघायला सांगा. चिरा, फुगवटा किंवा पेट्रोलचा वास असेल तर चालढकल नको, आगीचा धोका असतो. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सैल करतं, म्हणून पिकअप कमी वाटला तर फ्युएल फिल्टर आधी बदला.

पायाखाली पाणी

पुढच्या डाव्या सीटखालचा गालिचा ओला झाला तर बोटाने तपासा. साधं पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप चोंदलाय, पाच मिनिटांचं काम. चिकट आणि गोडसर वास असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय, म्हणजे पुन्हा पहिल्या मुद्द्यावर यायला लागेल. गालिचा ओला तसाच ठेवला तर पत्रा आतून सडतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर गाडी खालून धुऊन घ्यावी आणि दारांच्या तळाची निचऱ्याची भोकं काडीने मोकळी करावीत. इंजिन दुरुस्त होतं, सडलेली चासी होत नाही. गाडी ठेवायची की काढायची हे ठरवताना मी तरी आधी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा बघेन.

१५ वर्षं झाली, आता आरटीओत काय?

दिल्ली आणि परिसरातल्या वयाच्या निर्बंधांच्या बातम्या वाचून अनेकांना वाटतं की आपल्याकडेही १५ वर्षांनी गाडी बंद. तसं नाही. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि गाडी तपासणीत पास झाली तर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते.

मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करायचा. कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आणि गाडी २० वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२५ च्या बदलानुसार १०,००० रुपये. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेटही हवी, नाहीतर काम अडतं. पासिंगला नेण्याआधी हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, वायपर, हॉर्न आणि हँडब्रेक घरीच एकदा तपासा. एका उडालेल्या बल्बसाठी दुसऱ्यांदा सुट्टी टाकावी लागू नये.